शिंगमामा

माझ्या मामांना शिंग होतं. थाप वाटेल, पण खरंच होतं. डाव्या भुवईच्या वर, करंगळीच्या पेराएवढं, पिवळट आणि नखासारखं कडक. सांगोल्याकडच्या आमच्या वाडीत सगळे त्यांना शिंगमामाच म्हणायचे आणि मी शाळेत त्यांच्या जिवावर भाव खायचे. मामा सगळ्यांनाच असतात, शिंगवाला माझ्या एकटीचा होता.

आधी ती साधी चामखीळ होती. मामांनी घोड्याच्या शेपटीचा केस बांधून पाहिला. ती पडायची सोडून वाढतच गेली. मग मामा फेटा डावीकडे तिरका बांधू लागले. "मेंढरांत जलम गेला. आता मेंढरांनीबी आपलं मानलं की," म्हणत स्वतःच हसायचे.

मी सोलापुरात नर्स झाले तोवर शिंग डोळ्याकडे वळलं होतं. सुट्टीत फेटा काढायला लावला, तर बुडाशी लाल, रक्ताळलेलं. अशा शिंगाच्या मुळाशी कधीकधी कॅन्सर असतो, हे मी वॉर्डात ऐकलं होतं. दोन दिवस त्यांच्यापुढे डोकं फोडलं. मामांचं एकच, "देवानं दिल्यालं हाय. ऱ्हाऊ दे की."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मेंढा धरला. त्याचं शिंग वळून डोळ्यात घुसायला आलं होतं. डोकं गुडघ्यांत दाबून मामा टोकावर करवत चालवू लागले. "गप बस रं, तुझ्या भल्याचंच हाय." मग मला म्हणाले, "शिंग डोळ्याकडं वळलं की कापायचं. लाड करायचे न्हाईत."

बस्स, मामा सापडले. मी म्हटलं, "हा कायदा फक्त मेंढ्यालाच का मामा?"

करवत थांबली. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मेंढ्याकडे पाहिलं. राहिलेलं टोक कापलं, हात धुतले आणि विचारलं, "सोलापूरची गाडी कवा हाय?"

दवाखान्यात टेबलावर सुई बघून मात्र ते उठूनच बसले. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. "गप बसा मामा, तुमच्या भल्याचंच हाय."

"मेंढ्यालाबी हे कदी पटलं न्हाय," मामा पुटपुटले आणि आडवे झाले.

तपासणीत मुळाशी कॅन्सरची सुरुवात निघाली, पण ती पुरती कापली गेली होती. हे कळल्यावर मी दवाखान्याच्या जिन्यात नाचले, खोटं कशाला सांगू. मामा पुढे नऊ वर्षं मेंढरांमागे हिंडले, फेटा तसाच तिरका बांधून. गेल्या साली झोपेतच गेले. फार आठवण येते त्यांची.

आता वॉर्डात कुणी सुई बघून उठू लागलं, की मी डोकं धरून त्यांचंच वाक्य म्हणते. पटत कुणालाच नाही, पण आडवे होतात.