पेशंटचं माणूस

"मावशी, हा गॅस नाही. हार्टचा प्रॉब्लेम आहे," डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी पर्समध्ये ओव्याची डबी शोधत होते.

पुंडलिकनगरात मी घरीच ब्लाउज शिवते. शुगर जुनी आहे. महिनाभर जिना चढताना दम लागायचा, जबडा ठणकायचा. छातीत मात्र काही नाही. डॉक्टर म्हणाले, "शुगरनं नसा बधिर होतात. हार्ट ओरडतं, पण तुम्हाला ऐकू येत नाही."

ईसीजी झाला. इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग गोळ्यांची चौकशी. शुगरची घेते म्हटलं. "आणि कोलेस्टेरॉलची?" कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातली चरबी. ती गोळी मी केव्हाच सोडली होती. रिपोर्ट नॉर्मल आला होता ना! ताप उतरल्यावर कुणी गोळी खातं का? शिवाय मेडिकलचा खर्च तेवढाच कमी.

"मावशी, रिपोर्ट गोळीमुळंच नॉर्मल आला होता."

आता बोला!

अँजिओग्राफी करायची ठरली. मनगटाच्या नसेतून बारीक नळी घालून हृदयाच्या नसा बघतात. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं माणूस कोण?"

"मीच पेशंट."

"हो, पण माणूस?"

मालक जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. पुण्याच्या भावाला फोन केला, तर म्हणाला, "रिझर्व्हेशन बघतो." अरे, पुण्याहून दर अर्ध्या तासाला गाडी आहे! फॉर्मवर सही माझीच चालली, पण 'नातं' या रकान्याशी पेन अडकला. शेवटी लिहिलं, 'स्वतः'.

वेटिंग हॉलमध्ये बसले. सगळ्यांभोवती डबे, पिशव्या, चार-चार नातेवाईक. मी शिवलेलं ब्लाउज घालून निम्मी कॉलनी लग्नांना जाते, पण इथं माझी पिशवी धरायला कुणी नव्हतं. घरी निघून जावं असं वाटलं. मरणाची भीती नव्हती. गेलेलं कुणाला लवकर कळणार नाही, याची होती.

शेजारी सोयगावच्या कडूबाई होत्या. त्यांचा नवरा वॉर्डात होता.

"तुमच्यासंग कोण हाय?"

"कुणी नाय."

"व्हय का? आणा ती पिशवी इकडं."

एवढंच. मग मला आत नेलं.

यात भूल नसते, फक्त मनगट बधिर करतात. म्हणून सगळं ऐकू येतं. नस कुठं अडली, हे पेशंटच्या माणसाला आत बोलावून टीव्हीवर दाखवतात. बाहेर सिस्टर ओरडली, "जाधव मावशींचं माणूस कोण?" मी डोळे मिटून घेतले.

"मी हाय."

"कोण लागता त्यांच्या?"

"सोयगावची हाय."

चपला काढून कडूबाई आत आल्या, टीव्हीकडं बघत राहिल्या. डॉक्टरांनी समजावलं, की नस चोंदलीय, स्टेंट घालावा लागेल. स्टेंट म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळी.

"लई चोंदलीय की," कडूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "घालू द्यायची का, बाई?"

मला कुणी काही विचारून किती दिवस झाले होते! पडल्या पडल्या रडू आलं. म्हटलं, "घाला. एफडी मोडते."

ती एफडी म्हणजे कितीतरी ब्लाउजांची शिलाई. गोळीचे पैसे वाचवले आणि ती सगळी शिलाई एका जाळीत गेली. म्हणून सांगते, शुगर असेल तर दम लागला, जबडा दुखला तरी ईसीजी काढा. ओवा नंतर खा. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून मनानं गोळी सोडू नका.

डिस्चार्जच्या आधीच कडूबाई नवऱ्याला घेऊन गावी गेल्या. मी एकटीच रिक्षानं घरी आले. कुलूप उघडलं, मशीनवरची धूळ पुसली. भावाचा फोन आला, रिझर्व्हेशन मिळालं नाही म्हणे. एकटेपणावर डॉक्टरांनी गोळी दिलेली नाही. संध्याकाळ अजूनही खायला उठते.

परवा तपासणीला गेले. पुन्हा तोच फॉर्म. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सोबत कुणी नसलं तरी एक नाव लिहा."

मी कडूबाईंचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात, नातं: सोयगावची.