शेजारची सीट

जॅक सरकला आणि गाडी यांच्या छातीवर आली. मी पिठाच्या हातांनी धावले, पण ती हलेना.

दोन सीटांची ती जुनी विलायती गाडी यांनी भंगारातून आणलेली. गंजलेली, पण घाट देखणा. वीस वर्षं यांची प्रत्येक सुट्टी तिच्याखाली गेली. शेजारीण विचारायची, "काय गं, सवत कशी आहे?"

"खाते पुष्कळ, चालत नाही."

पण पहिल्यांदा इंजिन सुरू झालं, तेव्हा मीही लाटणं घेऊन दारात उभी राहिले.

माझ्या सीटवर कायम नटबोल्टचा डबा असायचा. त्या सकाळी यांनी तो उचलला. "एवढा एक बोल्ट आवळतो, मग बस शेजारी."

आता दुपारी मी तिथे बसते. ते गेले. गाडीवर ओरखडा नाही. मागे मी आहे.