आबा नावाची म्हैस

हसा खुशाल, पण आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता!

संगमनेरजवळच्या आमच्या दूध संस्थेत मी क्लार्क. मॅनेजरची जागा रिकामी झालेली, आणि ती कुणाला द्यायची हे आमच्या चेअरमन आबांच्या हातात. अशात पुण्याहून एका ब्लॉकचेन कंपनीच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "आमच्या नेटवर्कवर गेम खेळणारी पोरंही आहेत आणि मोठमोठ्या संस्थाही. इथं केलेली नोंद कुणालाच पुसता येत नाही!"

आता मला सांगा, पोरांचा खेळ आणि संस्थेचा कारभार एकाच जागी? हे म्हणजे तालमीत बँक उघडल्यासारखं! माझं डोकं पार गरगरलं. तेवढ्यात आबा वळले.

"तुला कळलं का रं?"

"व्हय आबा, समदं!"

मॅनेजर व्हायचं होतं ना!

मॅडमनी माझ्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं. "आधी गेम खेळा, हात बसेल." गेममध्ये म्हशी पाळायच्या, विकायच्या. शेजारचं बटण संस्थेचं. तिथे सभासदांच्या खऱ्या जनावरांची नोंद आणि विक्री, खाली संस्थेचा फोन नंबर. आणि दोन्ही बटणांवर म्हशीचंच चित्र! मी कुठलं दाबलं असेल? ओळखलंत ना? मला मात्र ओळखू आलं नाही.

रविवारी अंगणात बसून मी एक म्हैस तयार केली. नाव काय ठेवावं? वैरण दिसल्याशिवाय म्हैस हलत नाही, आणि आमचे आबाही समोर काही आल्याशिवाय जागचे हलत नाहीत. ठेवलं 'आबा'! तिसरं वेत, म्हणजे तीनदा व्यालेली. खोड: लाथ मारते. दूध: नाही, नुसती हंबरते. आणि दिली विकायला काढून. काय सांगू, लई मजा आली!

सोमवारी संचालकांची बैठक भरली. संस्थेचा फोन आबांच्या खिशात असतो. तो वाजला. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. राहात्याचा एक व्यापारी बोलत होता.

"आबा हाय का गेला?"

"मीच आबा. कुटं जातोय?"

"लाथ मारती म्हनं?"

"कुनाला मारली मी?"

"तिसरं वेत हाय ना पन?"

संचालक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी ॲप उघडून ती जाहिरात मोठ्यानं वाचली, अगदी हंबरण्यासकट आणि नोंद करणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या नावासकट!

"पूस ते आदी!" आबा गरजले.

मी मॅडमना फोन लावला. त्यांचा आवाज असा फुलला, की जणू मी त्यांचं कौतुकच केलंय! "पुसता येतच नाही सर! तीच तर आमची खासियत! खाली दुसरी नोंद मात्र करता येते."

"आन इकडं मोबाईल," आबा म्हणाले.

एका बोटानं, एकेक अक्षर शोधत आबांनी नोंद केली. सगळी बैठक थांबून राहिली. रेडा. नाव माझं, वडिलांच्या नावासकट. उपयोग: काही नाही. किंमत: फुकट.

पुढे धीर करून मी विचारलं, "आबा, ते मॅनेजरच्या जागेचं?"

"देऊ की! आदी ती नोंद पुसून ये."

'आबा' म्हशीसाठी गिऱ्हाइकांचे फोन अजून येतात हो. मी फुकट आहे, तरी एकानंसुद्धा विचारलेलं नाही!