मेस्त्रींचा कान

"गप रव रे जरा. ती काय सांगता ता आयकतंय."

बॉनेट उघडलं की मेस्त्री आधी हे म्हणायचे. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, लाकडी मूठ कानाला आणि डोळे मिटलेले. अशा वेळी आमचे डॉक्टरसुद्धा गप्प बसत, मग मी त्यांचा ड्रायव्हर कोण लागून गेलो!

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कणकवलीला डॉक्टरांकडे एक म्हातारी गाडी होती. पळताना झकास. थांबवली की थडथडायची आणि आचके देत बंद पडायची. मिठबावात एका पेशंटच्या दारात मी पंधरा मिनिटं हँडल मारलंय, बघ्यांची जत्रा जमवून.

मेस्त्री एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गॅरेजच्या मागच्या खोलीतच चूल. माणसांशी दिवसाला चार शब्द, पण गाडीशी लाडात. "काय गो बाय, दम लागता तुका?" तुमच्याआमच्याशी ते इतकं गोड कधी बोलले असतील तर शपथ!

त्या खेपेला मात्र आठ दिवस निदान होईना. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला. शेवटी म्हणाले, "खंयतरी हवा ओढता." इंजिन चालू ठेवून ते एकेका सांध्यावर खोबरेलाचे थेंब सोडू लागले. फटीवर तेल पडलं की फट बुजते आणि आवाज क्षणभर सुधारतो, एवढं मलाही ठाऊक होतं.

खालच्या सांध्यावर थेंब पडला. थडथड थांबली. इंजिन कसं शहाण्यासारखं चालू लागलं! आणि मेस्त्री डोळे मिटून पुढच्या सांध्याकडे गेले.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला, बोटाने दाखवत ओरडलो, "मेस्त्रीनू, खालचोच सांधो!"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "आवाज बदललो?"

मी मान हलवली. त्यांनी इंजिन बंद केलं.

"कोणाक सांगू नको हां. ह्या कानावर माझा पोट आसा."

त्या सांध्याचं पॅकिंग बदललं, गाडी ठणठणीत झाली. पण माझ्या तोंडात तीळ कधी भिजलाय? चार दिवसांनी हॉटेलात चहा पिताना बोलून गेलो, कौतुकानेच हो, की कान गेला तरी हा माणूस फॉल्ट काढतो! ऐकणाऱ्यांनी कौतुक तेवढं सोडून दिलं. लॉरीवाले, मग टॅक्सीवाले दुसरीकडे जाऊ लागले. दिवाळीपर्यंत गॅरेजसमोर एक गाडी दिसेना. शिमग्यात मेस्त्री कुलूप लावून शिरोड्याला बहिणीकडे गेले, ते कायमचेच.

त्याआधी एका सकाळी मला राहवलं नाही, म्हणून गेलो होतो. दाराकडे पाठ करून ते बाकावर बसले होते. पुसलेले पाने पुन्हा पुसत होते.

"मेस्त्रीनू, चूक झाली माझी. मीच सांगलंय." मी उंबऱ्यावरूनच म्हटलं.

ते पाने पुसत राहिले.

समोर जाऊन तेच पुन्हा म्हणायला चार पावलं लागली असती. मी चपलांचा आवाज न करता माघारी आलो.