उन्हात वाळवलेला नमुना

अमडापूरच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग एसटीत चढवली तेव्हा त्यांच्या शर्टाला कोंबड्यांच्या शेडचा वास येत होता. आई खिडकीखाली उभी राहून सांगत होती, "कुरडया कोरड्या जागी ठेवजो. ओल लागली का सगळं जाते." एवढंच. ती रडली नाही. मीही नाही.

पुण्यात माझं बोलणं ऐकून लोक हसायचे. मग मी कमी बोलायला लागले. इंग्रजी शाळेत कमी बोलायची सवय आधीच झाली होती. आता घरी फोन केला तरी तोंडात पुण्याचीच भाषा येते. तुमच्यापैकी जे गाव सोडून आलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मी इथे काम करते त्या लॅबमध्ये कोंबड्यांमधले जंतू शोधतात. त्यातला कॅम्पायलोबॅक्टर फार नाजूक. कोंबडीच्या आतड्यात तो सुखाने राहतो, तिला काही होत नाही. माणसाला मात्र जुलाब होतात. बाहेर काढला की साधी हवाही त्याला सोसत नाही. खाद्य घातलेल्या प्लेटवर वाढवायचा तर बंद जारमधला ऑक्सिजन कमी करावा लागतो. नमुना थंड आणि ओलसर ठेवावा लागतो. वाळला की संपलं.

मागच्या उन्हाळ्यात आईला जुलाब झाले. ते थांबले आणि काही दिवसांतच तिचे पाय लुळे पडले. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे, पोटातल्या जंतूमुळे कधी कधी होतो. कुठला जंतू, ते तेव्हा कुणी तपासलं नाही. बाबांना एकच जाणून घ्यायचं होतं: तो आपल्या शेडमधून आला का? ते कळेपर्यंत नवी पिल्लं टाकायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं.

कोंबड्यांची विष्ठा डब्यात भरून बर्फात पाठवा, असं मी सांगितलं. पार्सल आलं. आईच्या लुगड्याच्या तुकड्यात कोरडी भुकटी होती.

"गच्चीवर चांगलं कडक वाळवलं," बाबा फोनवर म्हणाले. "तुही माय तुले धाडते तसंच. बर्फ पाघळला असता, वाटेत सडलं असतं नं, बाई."

घरून माझ्याकडे येणारं सगळं उन्हातूनच येतं. पार्सल आजवर आई बांधायची.

दुसरा नमुना मिळणार नव्हता. गाडी येऊन विक्रीच्या कोंबड्या घेऊन गेली होती, बाबांनी शेड धुऊन चुना मारला होता. आमच्या छोट्या लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याशिवाय दुसरी सोय नाही. तरी मी प्लेट लावली. ती कोरीच राहिली.

"म्हंजे आपलं शेड साफ हाय?"

"उगवला नाही म्हणजे नव्हताच, असं नाही, बाबा."

"काऊन वं? येवढी शिकली तू. हाय का नाही, तेवढंच सांग."

"या नमुन्यावरून ते सांगताच येत नाही," मी म्हणाले. ते म्हणाले, "बरं. टाकतो मंग पिल्लं."

आई अजून खाटेवरच आहे. ती फोनवर म्हणते, "मले बरं हाय, सुट्टी काढू नको." तिच्या आवाजामागे पिल्लांचा चिवचिवाट ऐकू येतो. त्यांच्या पोटात काय आहे, ते मी विचारत नाही.

यंदा कुरडया बाबांनी केल्या. जाड, वेड्यावाकड्या, कडक वाळवलेल्या. घर म्हणून माझ्यापर्यंत आता एवढंच पोचतं. मी त्या कोरड्या जागी ठेवल्या आहेत. ओल लागू नये म्हणून डबा उघडत नाही.