डॉक्टरांनी न दिलेलं पान

"काका, हौस फिटली नाही वाटतं अजून?"

डॉक्टर बाबांना म्हणाले. शेजारचे चार शिकाऊ डॉक्टर हसले. मीही हसले. हे लिहायला हात धजत नव्हता, पण हसले.

घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये बाबांचं स्वरयंत्र काढलं. ते गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतात आणि बोलायचं ते वहीत लिहितात. तपासणीला गेलं की नातेवाइकाने ते वाचून दाखवायचं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, म्हणून ते काम माझं. त्या दिवशी बाबांनी लिहिलं होतं, 'बायकोजवळ झोपलो तर चालेल का? तिला रोग लागेल का?' मी अडखळले. डॉक्टरांनी वही ओढून मोठ्याने वाचली.

बाबांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

भांडुपच्या आमच्या खोलीत ते ओट्याखाली अंथरूण टाकू लागले. भिंतीकडे तोंड. सहा महिने. एकदा भांडी घासताना आई म्हणाली, "माझीच किळस आली असंल त्यांना. हात पण लावत नाय गो."

पुढच्या तपासणीला मी आईलाही नेलं. आमच्या आधी नंबर असलेल्या एका पेशंटला सिस्टरने टेबलाच्या खणातून ऑपरेशननंतरच्या काळजीची एक इंग्रजी पुस्तिका काढून दिली. मी मागितली.

"ती इंग्लिशवाल्यांना देतात गं."

"मला वाचता येतं."

त्यात एक पान नवराबायकोच्या जवळिकीवर होतं. स्पर्शाने कॅन्सर लागत नाही. छिद्रावर पातळ कापड ठेवा, छिद्र दाबलं जाऊ देऊ नका. दम लागला तर थांबा. आठ ओळी. इतके दिवस टेबलाच्या खणात.

आत जाऊन मी डॉक्टरांना विचारलं, "हे पान आम्हाला का नाही दिलं?"

"तुमच्या लोकांना असलं बोलायला लाज वाटते."

"बाबांनी विचारलं होतं. तुम्ही हसलात."

आई पुढे झाली. "मी पण विचारतंय. बायको हाय मी त्यांची."

"बाहेर लाइन आहे," डॉक्टर म्हणाले. "नेक्स्ट."

बाबा आता वही मला देत नाहीत. आईला देतात. बरोबरच आहे.

ते पान मी मराठीत उतरवलं. दर मंगळवारी, तपासणीच्या दिवशी, डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसते, मागेल त्याला वाचून दाखवते. वॉचमन म्हणतो, "ताई, मुलगी असून असलं वाचता? डॉक्टरसाहेबांची ऑर्डर आहे, उठा."

उठणार नाही. साहेबांनी स्वतः ते पान सगळ्यांच्या हातात द्यावं. तोवर मी वाचणार.