मामांच्या फोटोमागचं नाव

जिवंत नातेवाइकांची नावं बिनदिक्कत विसरून मेलेल्या नटनट्यांच्या नावांसाठी जीव टाकणारा, माझ्या बायकोच्या मामांसारखा माणूस उभ्या पिंपरी-चिंचवडात सापडायचा नाही. माझं नाव त्यांना अजून आठवत नाही, म्हणून मी 'जावईबापू'. चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते जुन्या नाटक-तमाशातल्या कलावंतांचे फोटो जमवतात. बंद पडलेले स्टुडिओ, भंगाराची दुकानं, त्यांनी काही सोडलं नाही. पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांत जागा उरेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या लग्नाचा अल्बम रिकामा करून त्यात ही मंडळी बसवली. मामी म्हणतात, "आमचं लगीन पिशवीत, अन् ह्या बाया अल्बमात!"

बहुतेक फोटोंमागे नाव नसेच. मग मामांना जेवण जात नसे. "ओळखणारे गेले हो जावईबापू. मी नुसते चेहरे गोळा करतोय," म्हणत ते अल्बम मिटायचे.

चाकणजवळच्या एका गावातल्या आजींना जुन्या फडांतल्या सगळ्या बायका ठाऊक आहेत, असं कळलं तसे मामा मला स्कूटरवर घालून तिकडे निघाले. सून चहा देऊन तिथेच बसली. आजींनी भराभर चार नावं सांगितली. मामा एकेका फोटोमागे नाव लिहीत होते. पाचव्या फोटोत एक पोरगी कमरेवर हात ठेवून, मान वर करून उभी होती. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. तेच ठिपके आमच्या समोर, सुरकुत्यांत होते.

"कोन हाय ही, आत्या?" सुनेनं विचारलं.

"न्हाई बा वळखू येत," म्हणत आजींनी फोटो पालथा घातला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मामा, त्याच होत्या ना?"

"त्या नाही म्हणाल्या. संपलं."

दोन महिन्यांनी आजी गेल्या. दहाव्याला आम्ही गेलो, तर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून त्याला हार घातलेला. चेहरा नुसता धुरकट डाग. मुलगा म्हणाला, "म्हातारीनं जल्मात दुसरा फोटो काढला न्हाई, राव." मामांचा हात पिशवीत गेला. आत ती पोरगी होती. बऱ्याच वेळानं हात रिकामाच बाहेर आला.

त्यानंतर मामांनी नवा फोटो आणला नाही. परवा गेलो तेव्हा अल्बम मांडीवर घेऊन बसले होते. त्या एका फोटोची पाठ कोरीच आहे.

"बघा कशी उभी आहे," ते हळूच म्हणाले. "तेव्हा कुणाला भीत नसेल."